स्मृतीची खाच : कॅमेऱ्यातील साठवण-साधनांचा इतिहास आणि वाहनातील डॅशकॅम (नाशिकच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

कॅमेऱ्याचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा भिंगाकडे जाते. भिंग किती स्वच्छ होते, प्रतिमा किती रेखीव उमटली, छायाचित्रकाराची दृष्टी कशी होती, याची चर्चा विपुल झाली आहे. मात्र टिपलेली प्रतिमा कोठे साठवली गेली, ते स्थान कोणाच्या ताब्यात होते आणि तेथून ती बाहेर काढण्याचे कौशल्य कोणाला अवगत होते, हे प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिले. वस्तुतः इतिहासाच्या दृष्टीने हेच प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. भिंगाने पाहिलेले पण साठवणीत न टिकलेले दृश्य इतिहासाला उपलब्ध होत नाही.

हा विचार आज एका साध्या वस्तूच्या निमित्ताने पुढे येतो. मोटारीच्या पुढील काचेच्या आत बसविलेला छोटा कॅमेरा, अर्थात डॅशकॅम, आता मुंबई–आग्रा महामार्गावरील व कसारा घाटातील वाहनांत सर्रास दिसतो. त्याच्या अंगावर कोठेतरी नखाएवढी खाच असते व तीत मेमरी कार्ड बसते. अनेक वाहनमालकांना ही खाच कोठे आहे हे अपघात घडेपर्यंत ठाऊक नसते. प्रस्तुत लेखात या खाचेचे स्थान व वापर यांचा विचार कॅमेऱ्याच्या साठवण-साधनांच्या दीर्घ इतिहासाच्या पार्श्वभूमीवर केला आहे. भारतीय चित्रपटाच्या आरंभकाळी चित्रीकरणाचे केंद्र ठरलेले नाशिक हे शहर या अभ्यासासाठी स्वाभाविकच सोयीचे आहे.

कॅमेऱ्यापूर्वीची साक्ष

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. प्रेक्षागृह भरलेले होते. तरीही या घटनेची जी नोंद आज उपलब्ध आहे ती साक्षीदारांच्या जबान्या, पोलिसांचे कागद आणि न्यायालयाचे निकालपत्र या स्वरूपाची आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याची रचनाही याच जगाला धरून झाली होती. मनुष्याची स्मृती आणि कागद हे तिचे दोन मुख्य आधार होते. मनुष्याच्या स्मृतीची उलटतपासणी घेता येते, तिच्यातील विसंगती दाखविता येते. यंत्राच्या स्मृतीला मात्र निराळेच प्रश्न विचारावे लागतात. ती कोठे ठेवली होती? कोणी उघडली? मधल्या काळात तिच्यात बदल झाला काय?

फाळके यांची फित आणि अंधारातील श्रम

त्र्यंबकेश्वर येथे ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके १९१२ साली लंडनला गेले. तेथून त्यांनी विल्यमसन बनावटीचा कॅमेरा व फितीला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणले. त्या काळी कच्ची फित छिद्रांविना मिळत असे. कॅमेऱ्यातील दात्यांनी फित पुढे सरकावी म्हणून तिच्या दोन्ही कडांना छिद्रे पाडणे आवश्यक होते, आणि हे काम अंधारातच करावे लागे, कारण प्रकाशाचा एक कवडसाही फित निकामी करू शके. पत्नी सरस्वतीबाई फाळके यांनी या कामी रात्री जागविल्या. फितीला छिद्रे पाडणे आणि ती रसायनात धुणे ही कामे त्यांनी आत्मसात केली होती. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात पडद्यावरील अभिनयाइतकेच हे अंधारातील श्रमही मोलाचे आहेत. यंत्राची स्मृती भरणारे व उलगडणारे हात घरातील स्त्रीचे होते.

‘राजा हरिश्चंद्र’ हा ३,७०० फूट लांबीचा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात प्रदर्शित झाला. त्याच वर्षी फाळके यांनी आपले बिऱ्हाड नाशिकला हलविले. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ हे पुढील चित्रपट नाशिकमध्ये साकारले आणि १९१८ साली तेथेच हिंदुस्थान फिल्म कंपनीचा कारभार उभा राहिला.

या काळातील साठवणीचे गणित लक्षात घेण्याजोगे आहे. पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फितीच्या एका फुटात सोळा चित्रे मावतात. सेकंदाला सोळा चित्रे या मूकपटाच्या वेगाने एक फूट फित एका सेकंदात संपते. म्हणजे ४०० फुटांचा डबा सुमारे पावणेसात मिनिटांत रिकामा होतो. त्यानंतर डबा काढून अंधारात दुसरा भरावा लागे. प्रत्येक फुटाला पैसे पडत असल्याने काय टिपायचे याचा निर्णय कळ फिरविण्यापूर्वीच घ्यावा लागे. निवड आधी, नोंद नंतर, हा या युगाचा क्रम होता.

फाळके यांनी १९१२ मध्ये केलेला ‘अंकुराची वाढ’ हा प्रयोगही येथे स्मरणीय ठरतो. कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी दिवसेंदिवस थोडी थोडी टिपली आणि ती सलग वाढत असल्याचे पडद्यावर दाखविले. ठरावीक अंतराने एकेक चित्र घेऊन काळ आखडून दाखविण्याचे हे तंत्र आज अनेक डॅशकॅममध्ये वाहन उभे असतानाची सोय म्हणून उपलब्ध असते. तत्त्व तेच आहे. साठवण अपुरी असते तेव्हा काळाला दुमडून ठेवावे लागते.

नायट्रेटचा नाश

फाळकेकालीन फित सेल्युलोज नायट्रेटची होती. ती अत्यंत ज्वालाग्राही असते व थंड, कोरडी जागा न मिळाल्यास आपोआप कुजते. प्रथम चिकट होते, मग तिची भुकटी होते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे फाळके यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या चित्रपटांच्या जतनाची कोणतीही सार्वजनिक व्यवस्था देशात नव्हती. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ साली स्थापन झाले. त्यानंतर पी. के. नायर यांच्यासारख्या संग्राहकांनी फाळके यांच्या उरल्यासुरल्या रिळांचा शोध घेतला. ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणून जे अंश आज दाखविले जातात ते पूर्ण चित्रपटाचे नाहीत. काही अभ्यासकांच्या मते ते १९१३ च्या मूळ कृतीचे नसून १९१७ मधील पुनर्निर्मितीचे आहेत. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागली आणि मूकपटयुगाचा मोठा ठेवा भस्मसात झाला.

या नाशाचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. रिळे नष्ट व्हावीत अशी कोणाची इच्छा नव्हती. नाश घडला तो द्रव्याच्या गुणधर्मामुळे आणि व्यवस्थेच्या अभावामुळे. मनुष्याने काहीच केले नसते तर दृश्य काही काळ तरी टिकले असते. पुढे येणाऱ्या साधनांच्या बाबतीत ही स्थिती नेमकी उलट झाली.

फितीपासून कार्डापर्यंत

चुंबकीय फितीने पुसून पुन्हा लिहिण्याची सोय प्रथमच सामान्य घरात आणली. १९७६ साली बाजारात आलेली व्हीएचएस कॅसेट पुढील दशकात लग्नाच्या चित्रीकरणाच्या रूपाने महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत पोहोचली. या कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकचा एक छोटा तुकडा असे. तो तोडला की त्या कॅसेटवर नवे मुद्रण होत नसे. मौल्यवान चित्रीकरण झाल्याबरोबर तो तुकडा मोडून टाकण्याची पद्धत अनेकांच्या अंगवळणी पडली होती. जतनाची कृती अशी हाताने करावयाची व डोळ्यांना दिसणारी होती.

दरम्यान जपानमधील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी वीज बंद झाल्यावरही माहिती टिकवून धरणारी अर्धवाहक स्मृती विकसित केली व १९८४ साली तिची माहिती प्रसिद्ध केली. तिला ‘फ्लॅश’ हे नाव मिळाले ते तिच्या पुसले जाण्याच्या वेगावरून. कॅमेऱ्याच्या दिव्याचा लखलखाट व्हावा तशी ती क्षणात पुसली जाते, असे तिच्या निर्मात्याच्या सहकाऱ्याला सुचले. ज्या साधनावर आज जगाची स्मृती विसावली आहे त्याचे नावच विस्मरणाच्या गतीवरून पडले, ही बाब इतिहासाच्या विद्यार्थ्याने नोंदवून ठेवावी अशी आहे.

१९९९ मध्ये सॅनडिस्क, मात्सुशिता व तोशिबा या कंपन्यांनी एसडी कार्डाचे मानक जाहीर केले. ३२ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद अशा या कार्डाच्या एका कडेला सरकती पट्टी होती. ती खाली सरकविली की कॅमेरा कार्डावर लिहू शकत नसे. कॅसेटच्या त्या तुकड्याचीच ही पुढची पिढी होय. २००५ मध्ये मायक्रोएसडी हे धाकटे भावंड आले. त्याची लांबी १५, रुंदी ११ व जाडी केवळ १ मिलिमीटर. इतक्या लहान कार्डावर सरकत्या पट्टीला जागाच उरली नाही. अशा रीतीने लेखन थांबविणारी भौतिक खूण लोप पावली. डॅशकॅममध्ये वापरले जाते ते प्रायः हेच मायक्रोएसडी कार्ड.

डॅशकॅममधील खाच : स्थान व वापर

डॅशकॅमची खाच सामान्यतः त्याच्या डाव्या वा उजव्या कडेला अथवा तळाशी असते. काही प्रतिमानांत ती रबरी झाकणाखाली झाकलेली असते, तर काहींत कॅमेरा काचेवरील बैठकीतून उतरविल्याखेरीज ती दिसत नाही. कार्डाची सोनेरी संपर्कपट्ट्यांची बाजू कोणत्या दिशेला हवी, याचे छोटे चित्र बहुधा खाचेजवळ कोरलेले असते. कार्ड सरळ आत सारून नखाने दाबले की ‘टक्’ असा आवाज होतो व ते अडकते. पुन्हा दाबले की स्प्रिंगमुळे ते बाहेर येते. जोर लावावा लागत असेल तर कार्ड उलटे आहे असे समजावे.

कार्ड काढण्यापूर्वी कॅमेरा बंद करून त्याचा दिवा विझेपर्यंत थांबणे आवश्यक असते, कारण वीज गेल्यानंतरही आतील छोटी बॅटरी अथवा संधारित्र यांच्या आधारे कॅमेरा शेवटची फाइल पूर्ण करीत असतो. लेखन चालू असताना कार्ड ओढल्यास नेमकी ती शेवटची फाइल, म्हणजे अपघाताचाच क्षण, खराब होण्याचा संभव असतो. नवे कार्ड कॅमेऱ्यातच एकदा फॉरमॅट करावे, कारण ३२ गिगाबाइटपर्यंतची व त्याहून मोठी कार्डे यांची अंतर्गत मांडणी भिन्न असते आणि प्रत्येक कॅमेरा दोन्ही वाचू शकतोच असे नाही.

उच्च दर्जाचे चित्रण सर्वसाधारणपणे ताशी सहा ते सात गिगाबाइट जागा व्यापते. त्यामुळे ३२ गिगाबाइटचे कार्ड चार-पाच तासांत भरते. कार्ड भरल्यावर कॅमेरा थांबत नाही. तो सर्वांत जुनी फाइल पुसून तिच्या जागी नवी लिहितो. धक्क्याची जाणीव असलेला कॅमेरा आघात होताच चालू फाइल कुलूपबंद करून वेगळी ठेवतो. हलका धक्का बसला, वा कॅमेरा बसविलेल्या वाहनाला स्पर्श न होता समोर अपघात घडला, तर हे कुलूप लागत नाही. अशा वेळी चालकाने स्वतः कळ दाबावी लागते. फ्लॅश स्मृतीच्या प्रत्येक पेशीवर लिहिण्या-पुसण्याला मर्यादा असते. नाशिक–मुंबई अशी नित्य ये-जा करणाऱ्या वाहनात साधे कार्ड लवकर झिजते व उन्हात तापलेल्या केबिनमध्ये ही झीज वाढते. म्हणून सततच्या मुद्रणासाठी बनविलेली अधिक टिकाऊ कार्डे वापरावीत आणि कार्डावर खरोखर मुद्रण होत आहे काय, हे महिन्यातून एकदा तरी पाहावे.

येथे साठवणीच्या इतिहासातील मूलभूत पालट दिसून येतो. फाळके यांच्या काळी निवड आधी व नोंद नंतर होती. डॅशकॅममध्ये नोंद आधी होते व निवड नंतर करावयाची असते, तीही काही तासांच्या आत. नायट्रेटची फित कोणी काही न केल्याने हळूहळू नष्ट होई. डॅशकॅमवरील दृश्यही कोणी काही न केल्यास नष्ट होते, परंतु तो नाश हा दोष नसून यंत्राची योजनाच असते.

न्यायासनासमोरील कार्ड

या प्रश्नाचे गांभीर्य कायद्याच्या क्षेत्रात स्पष्ट होते. धडक देऊन पळून गेलेल्या वाहनाचा शोध न लागल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ अन्वये मृताच्या वारसांना दोन लाख रुपये व गंभीर जखमी व्यक्तीस पन्नास हजार रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पूर्वी या रकमा अनुक्रमे पंचवीस हजार व साडेबारा हजार इतक्याच होत्या. वाहनाची ओळख पटल्यास मात्र कलम १६६ खाली न्यायाधिकरणापुढे मृताचे उत्पन्न, वय व अवलंबित व्यक्ती यांचा विचार होऊन भरपाई ठरते. मळ्यातून पहाटे बाजार समितीकडे सायकलने निघालेल्या शेतमजुराच्या कुटुंबासाठी या दोहोंतील अंतर आयुष्यभराचे असते. ते अंतर कधी कधी मागून येणाऱ्या अनोळखी मोटारीतील कार्डावर, आणि ते कार्ड पुसले जाण्यापूर्वी कोणी बाहेर काढले की नाही यावर अवलंबून राहते.

इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी पुरावा कायद्यात कलम ६५-ब माहिती तंत्रज्ञान कायद्याद्वारे २००० साली आले. त्याचा निर्णायक अर्थ लावला गेला तो महाराष्ट्रातीलच एका खटल्यात. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाले की मुदतीनंतर, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांच्या चित्रणापर्यंत पोहोचला. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निर्णय दिला. प्रत सादर करताना कलम ६५-ब चे प्रमाणपत्र आवश्यक आहे. परंतु मूळ साधनाचा मालक स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन मूळ साधन सादर करीत असेल तर त्याची गरज नाही, असे तत्त्व न्यायालयाने मांडले. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राची पद्धत कायम असून त्यात फाइलचे हॅश मूल्य नोंदवावे लागते. हे मूल्य म्हणजे त्या फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा होय. फाइलमधील एक बिंदू बदलला तरी ठसा बदलतो.

यावरून व्यवहारातील दिशा ठरते. अपघातानंतर कॅमेरा बंद करावा, कार्ड काढून पाकिटात ठेवावे, पाकिटावर तारीख, वेळ व वाहनक्रमांक लिहावा. प्रत पाहावी, मूळ कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घालू नये. भ्रमणध्वनीवरून मित्रांना पाठविलेले दृश्य संकुचित झालेले असते व त्याचा ठसा मूळ फाइलशी जुळत नाही.

सत्तेच्या दृष्टीनेही खाचेचा विचार व्हावयास हवा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये समाविष्ट झालेल्या नियम १६७-अ मध्ये शासकीय अंमलबजावणी यंत्रांच्या यादीत डॅशबोर्ड कॅमेऱ्याचाही उल्लेख आहे. खासगी मोटारीत मात्र तो ऐच्छिक आहे. म्हणजे पादचारी, सायकलस्वार व बैलगाडीवाला यांच्याकडे कॅमेरा नाही आणि ज्याच्याकडे आहे त्याच्यावर दृश्य जपण्याचे सर्वसाधारण बंधन नाही. कॅमेऱ्याच्या मालकाला प्रतिकूल असलेले दृश्य मुद्दाम पुसावे लागतच नाही. फक्त गाडी चालवीत राहिले की पुरे.

इतिहासकारापुढील प्रश्न

१५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क येथे उल्का फुटली. ती असंख्य वाहनांतील डॅशकॅमनी टिपली आणि त्या दृश्यांवरून शास्त्रज्ञांना तिचा मार्ग मांडता आला. कोणीही उल्का टिपण्यासाठी कॅमेरा लावलेला नव्हता. अशा अहेतुक नोंदी इतिहासाला बहुमोल असतात. हेतुपुरस्सर केलेल्या नोंदीत न येणारे दैनंदिन जग त्यांत असते. नाशिक जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासूनचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. घाटातील जुन्या रस्त्यावरील वर्दळ, थांबे व ढाबे यांचे पालटणारे रूप सहस्रावधी कार्डांवर रोज उमटते आणि रोज पुसले जाते. सर्व जपणे शक्य नाही व खासगीपणाच्या दृष्टीने इष्टही नाही. तथापि महाविद्यालयांच्या इतिहास व भूगोल विभागांनी संमती देणाऱ्या वाहनमालकांकडून वर्षातील एखाद्या दिवसाचे निवडक चित्रण स्थळ व काळासह जमा केले, तर पुढील पिढीला तो एक विश्वासार्ह दस्तऐवज ठरेल.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, साठवणीचे साधन जसजसे लहान झाले तसतशी जतनाची दृश्य खूण नाहीशी होत गेली. दुसरी, नाश हा अपघात न राहता यंत्राचा नियम झाला, त्यामुळे जतन ही जाणीवपूर्वक व तातडीने करावयाची कृती बनली. तिसरी, ही कृती करण्याचे ज्ञान अद्याप समाजात समप्रमाणात पसरलेले नाही व त्याची किंमत बहुधा रस्त्यावरील दुर्बल घटक मोजतो. सरस्वतीबाई फाळके यांना अंधारातही फितीची कड हाताला ओळखता येत असे, म्हणून पहिले चित्रपट उभे राहिले. डॅशकॅमच्या मालकाला आपल्या यंत्राची खाच ओळखता यावी, एवढी अपेक्षा आज वाजवी ठरते. वाहनचालक प्रशिक्षणात व महाविद्यालयांतील रस्ता सुरक्षा उपक्रमांत या साध्या कौशल्याचा समावेश करणे, हे त्या दिशेने टाकलेले पहिले पाऊल ठरेल.